कपाटातले देव

अमेरिकेतल्या मराठी घरात देव बहुधा कपाटात असतात. चादरी आणि टॉवेल ठेवण्यासाठी तिथल्या घरांत एक उथळ कपाट भिंतीतच बांधलेले असते. त्यातल्या डोळ्यांच्या उंचीवरच्या फळीवर पाट, पाटावर लाल कापड आणि कापडावर देव. वरच्या फळीवर वाती, उदबत्त्या आणि गेल्या वर्षीचे कालनिर्णय, खालच्या फळीवर कागदी रुमालांची पुडकी. दिशा कपाटाची असेल ती. कापूर पेटला की छताला लावलेला धुराचा अलार्म किंचाळतो, म्हणून आरतीआधी कोणीतरी स्टुलावर चढून त्याला अंघोळीच्या वेळी डोक्यावर घालायची प्लास्टिकची टोपी चढवते आणि प्रसाद वाटून झाला की ती काढते. (काढायला विसरण्याची प्रथाही तितकीच जुनी आहे.)

हे देव तिथे पोचले ते १९६५ च्या कायद्यामुळे. त्याआधी, १९४६ पासून, भारताच्या वाट्याला वर्षाला जेमतेम १०० जणांचा कोटा होता. ३ ऑक्टोबर १९६५ रोजी राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी नव्या कायद्यावर सही केली, देशवार कोटे मोडीत निघाले आणि शिकलेल्या माणसाला, विशेषतः डॉक्टर-इंजिनिअरला, दार उघडले. पहिली काही वर्षे मात्र देव नव्हतेच. मुंबई-पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजातून निघालेल्या मुलाच्या बॅगेत स्लाइड रूल, मेतकुटाचा डबा आणि फार तर आईने कपड्यांच्या घडीत सरकवलेला आरतीसंग्रह. कुळाचे टाक गावी, थोरल्या पातीकडे. देव आले ते लग्नानंतर. माहेरहून मिळालेली अन्नपूर्णा आणि बाळकृष्ण, बोटभर उंचीची पितळी जोडी, नवरीच्या बॅगेत साडीच्या घडीत गुंडाळून आली. परदेशातल्या हिंदू संस्कृतीवर पुढे जी भाषणे झाली ती बहुतेक पुरुषांनी केली. देव मात्र बायकांच्या सामानातून गेले.

फळीवरची गर्दी पाच-सात वर्षांत वाढते, आणि ती वाढते कशी हे पाहण्यासारखे आहे. गावाकडच्या देव्हाऱ्यात परका देव सहसा शिरत नाही. कोणता देव कोणत्या पिढीत आणि कोणत्या नवसामुळे आला, हे घरातल्या वडीलधाऱ्यांना ठाऊक असते. इथे मात्र शेजारच्या तेलुगू कुटुंबाने तिरुपतीहून आणलेला बालाजी येतो, गुजराती मैत्रिणीची अंबामाता येते, कोणाच्या बारशाला मिळालेली राधाकृष्णाची संगमरवरी जोडी येते. जेजुरीचा खंडोबा असलाच तर तसबिरींच्या मागे जातो. आपण नेमके कोण, याचे उत्तर घरातले मोठे शब्दांत देऊ लागण्याच्या आधीच फळीने ते देऊन टाकलेले असते.

शब्दांत उत्तर द्यायची वेळ मूल शाळेत जाऊ लागले की येते. महाराष्ट्रात ओळख विचारतात ती गावाने, आडनावाने, आडून आडून जातीने. ‘आम्ही हिंदू’ असे सांगायचा प्रसंग रोजच्या जगण्यात क्वचितच येतो. ओहायोतल्या शिक्षिकेला कोकणस्थ-देशस्थ किंवा शहाण्णव कुळी सांगून उपयोग नसतो. तिला एक शब्द हवा असतो, आणि मुलाला त्या शब्दामागचे कारण. देवाला हत्तीचे तोंड का, हा प्रश्न विचारणाऱ्या मुलापुढे आई-वडील अडतात, कारण त्यांना आरती पाठ असते, तिचे स्पष्टीकरण देण्याची गरज कधी पडलेली नसते. समाजशास्त्रज्ञ प्रेमा कुरियन यांनी २००७ च्या आपल्या पुस्तकात नेमके हेच टिपले आहे: अमेरिकेत वेगळेपण जपायचे तर त्याचा सर्वांत प्रतिष्ठित मार्ग धर्माचा आहे. तिथे चर्चला जाणाऱ्याला कोणी मागासलेला म्हणत नाही. त्यामुळे गावी सोवळ्यातल्या पूजेला कंटाळलेला मुलगा न्यू जर्सीत सत्यनारायणाचा यजमान होतो, आणि यात ढोंग नसते.

‘हिंदू’ हा शब्दही तिथे आधीपासून होता, पण वेगळ्या अर्थाने. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकन लोक हिंदुस्थानातून आलेल्या कोणालाही हिंदू म्हणत, मग तो पंजाबातला शीख शेतकरी का असेना. १९२३ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने भगतसिंग थिंड या शिखाला ‘हिंदू’ म्हणूनच नागरिकत्व नाकारले. तो गोरा नाही, एवढे कारण पुरले. त्याच वर्षी सावरकरांचे ‘हिंदुत्व’ इंग्रजीत छापले गेले आणि पितृभू-पुण्यभूची व्याख्या मांडली गेली. तिच्यात शीख हिंदू ठरत होते, मुसलमान-ख्रिस्ती ठरत नव्हते. परदेशातले भारतीय राजकारण तोवर या वाटेने गेलेलेच नव्हते. १९१३ साली उभ्या राहिलेल्या गदर पक्षात बहुसंख्य शीख होते, हिंदू-मुसलमानही होते, आणि तळेगाव ढमढेरेचे विष्णु गणेश पिंगळे अमेरिकेतून परत येऊन १९१५ साली लाहोरच्या तुरुंगात कर्तारसिंग सराभांबरोबर फासावर गेले. पासष्टनंतर गेलेल्या पिढीला हा वारसा सहसा ठाऊक नव्हता. तिने आपली सुरुवात शून्यापासून धरली.

देव कपाटातून बाहेर पडले ते गणपतीत. टिळकांनी १८९३ च्या सुमारास घरातला गणपती चौकात आणला, तसा अमेरिकेत तो शाळेच्या सभागृहात आला, कित्येक गावी तर भाड्याने घेतलेल्या चर्चच्या तळघरात. चतुर्थी मंगळवारी असली तरी उत्सव जवळच्या शनिवारी, कारण हॉल त्या दिवशी मिळतो. मूर्ती पेणची, महिनोन्‌महिने आधी बोटीने निघालेली. दूर्वा म्हणून लॉनचे गवत, मोदकाला फ्रीझरमधला खोवलेला नारळ, विसर्जन बादलीत. मराठी मंडळे गावोगाव निघाली आणि १९८१ साली त्यांचे बृहन्महाराष्ट्र मंडळ झाले. भाषेचा संसार असा मंडळात थाटला गेला; धर्माचा संसार मंदिरात गेला, आणि तिथे भाषा आड येऊ लागली. न्यूयॉर्कच्या फ्लशिंगमध्ये जुन्या रशियन ऑर्थोडॉक्स चर्चच्या जागी उभ्या राहिलेल्या गणपती मंदिराची प्रतिष्ठापना ४ जुलै १९७७ रोजी, म्हणजे अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनी झाली. पिट्सबर्गला त्याच सुमारास तिरुपतीच्या देवस्थानाच्या मदतीने वेंकटेश्वराचे मंदिर झाले. पण सगळ्यांचे मिळून एकच मंदिर काही झाले नाही: मधल्या गाभाऱ्यात कोण, पूजा कोणत्या पद्धतीची, यावरून वाटा फुटल्या आणि जवळच मनरोव्हिलला वेगळे हिंदू-जैन मंदिर उभे राहिले. ‘हिंदू तितुका मेळवावा’ हे व्यासपीठावरून सोपे असते, गाभाऱ्यात कठीण.

मग भीती आली. १९८७ साली जर्सी सिटीत ‘डॉटबस्टर्स’ नावाच्या टोळक्याने भारतीयांना हुसकावण्याची धमकी वर्तमानपत्राला पत्र लिहून दिली. नाव कपाळावरच्या टिकलीवरून घेतलेले. त्याच वर्षी शेजारच्या होबोकनमध्ये एका भारतीय तरुणाला मारहाण करून ठार केले गेले. तो पारशी होता. त्यानंतर काही घरांत दुकानात जाण्याआधी टिकली काढून आरशाला चिकटवली जाऊ लागली आणि पाहुणे यायच्या आधी कपाटाचे दार लोटले जाऊ लागले. त्याच घरांतली दुसरी माणसे मात्र नेमके उलटे करू लागली: दार सताड उघडे, गाडीच्या आरशाला ॐ. आपल्या धर्माची ठाम ओळख करून देणारी संघटना हवी, असे वाटण्यामागे हा अनुभवही होता, हे टीकाकार सहसा सोडून देतात.

संघटना तयारच होत्या. केनियात १९४७ सालीच शाखा भरू लागली होती, ब्रिटनमध्ये हिंदू स्वयंसेवक संघ १९६६ साली स्थापन झाला. विश्व हिंदू परिषद १९६४ साली मुंबईत पवईच्या सांदीपनी साधनालयात जन्मली आणि सहाच वर्षांत तिची अमेरिकन शाखा निघाली. त्यांनी दिले ते आई-वडिलांना हवे होते तेच: रविवारचा वर्ग, उन्हाळी शिबिर, मुलाच्या प्रश्नांची इंग्रजीतली उत्तरे, आणि आपल्यासारख्याच दिसणाऱ्या मुलांची सोबत. सूर्यनमस्कार आणि खो-खो यांत आक्षेप घेण्यासारखे काही नव्हते. उत्तरांबरोबर इतिहासाची एक विशिष्ट मांडणीही येत होती, ज्यात हजार वर्षांचा अपमान होता आणि त्याचा हिशेब बाकी होता. ती घेणाऱ्यांपैकी अनेकांना ती वेगळी वाटलीच नाही. १९८९ मध्ये अयोध्येसाठी शिळा पुजल्या गेल्या तेव्हा परदेशातूनही विटा गेल्या. बाबरी मशीद पडल्यावर आठच महिन्यांनी, ऑगस्ट १९९३ मध्ये, विवेकानंदांच्या शिकागो भाषणाच्या शताब्दीनिमित्त वॉशिंग्टनला मोठे संमेलन भरले. सर्व धर्मांना सत्य मानणाऱ्या भाषणाची आठवण त्या वर्षी अशी निघाली, हे नोंदवण्याजोगे आहे. पुढचे टप्पे सर्वांच्या पाहण्यातले आहेत: अणुस्फोटांनंतर १९९८ च्या रोख्यांत अनिवासींनी घातलेले चार अब्ज डॉलरहून अधिक, २८ सप्टेंबर २०१४ ची मोदींची मॅडिसन स्क्वेअर गार्डनमधली सभा, २०१९ ची ह्यूस्टनमधली आणि तिथले सुमारे ५०,००० लोक, ५ ऑगस्ट २०२० रोजी टाइम्स स्क्वेअरच्या फलकावर झळकलेले राममंदिर.

या सगळ्यात एक गाठ आहे, ती सुटत नाही. २०२० च्या कार्नेगी पाहणीत अमेरिकेतल्या भारतीय वंशाच्या नोंदणीकृत मतदारांपैकी ७२ टक्के बायडेन यांना मत देणार होते, आणि मोदींच्या कारभाराला पसंती देणारे जवळपास निम्मे होते. म्हणजे काही घरांत तरी दोन्ही मते एकाच जेवणाच्या टेबलावर बसतात. अमेरिकेत अल्पसंख्याक म्हणून जो पक्ष बरा वाटतो, त्याच्याशी भारतातल्या बहुसंख्याकांचे राजकारण जुळत नाही. जुळवावे असे फारसे कोणाला वाटतही नाही, कारण एका राजकारणाचे परिणाम स्वतःला भोगायचे असतात आणि दुसऱ्याचे इतरांना. ऑगस्ट २०२२ मध्ये न्यू जर्सीतल्या एडिसनच्या स्वातंत्र्यदिन मिरवणुकीत मोदी आणि योगी आदित्यनाथ यांच्या चित्रांसह बुलडोझर फिरला, त्याचा अर्थ तिथल्या मुसलमानांना ताबडतोब कळला आणि आयोजकांना माफी मागावी लागली. कॅलिफोर्नियाच्या सहावीच्या पाठ्यपुस्तकांवरून २००५-०६ मध्ये झालेला वाद याच गाठीचा. आपल्या धर्माबद्दल वर्गात चेष्टा होऊ नये ही पालकांची मागणी रास्त होती; तिच्या आडून जात आणि स्त्रियांचे स्थान यांवरची वाक्ये सौम्य करण्याच्या सूचनाही गेल्या. राज्याच्या शिक्षण मंडळाने काही दुरुस्त्या घेतल्या, काही नाकारल्या, आणि प्रकरण कोर्टात गेले.

काही मराठी घरांत त्याच कपाटात त्याच उंचीवर बाबासाहेब आणि बुद्ध असतात. या घरांत निरांजनाऐवजी मेणबत्ती लागते आणि अलार्म तसाच किंचाळतो. बाबासाहेब स्वतः १९१३ साली कोलंबिया विद्यापीठात गेले, म्हणजे पासष्टच्या पिढीच्या अर्धशतक आधी. एकसंध हिंदू समाजाचे चित्र या कपाटापुढे अडखळते. मंडळाच्या पहिल्याच भेटीत ‘मूळचे कुठले तुम्ही?’ आणि मग ‘आडनाव काय म्हणालात?’ हे प्रश्न येतात, आणि ते का येतात हे विचारणाऱ्याइतकेच उत्तर देणाऱ्यालाही कळते. फेब्रुवारी २०२३ मध्ये सिअॅटल हे जातीवरून होणाऱ्या भेदभावाला कायद्याने बंदी घालणारे अमेरिकेतले पहिले शहर ठरले. ठराव मांडणाऱ्या क्षमा सावंत यांचा जन्म पुण्याचा. कॅलिफोर्नियाचे तसेच विधेयक त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये राज्यपालांनी परत पाठवले. विरोध करणाऱ्या हिंदू संघटनांचे म्हणणे असे की यामुळे प्रत्येक हिंदूकडे संशयाने पाहिले जाईल.

दुसरी पिढी या सामानातून वेचून घेते. कोणी गर्व घेतो, कोणी नुसता योग, कोणी हिंदुत्वाविरुद्ध विद्यापीठात पत्रके काढतो, आणि पुष्कळजण दिवाळीच्या एका जेवणावर थांबतात. मोदकाच्या कळ्या पाडणे आणि ‘सुखकर्ता’ची चाल मात्र या सर्वांना येते.

पहिली पिढी आता सत्तरी-ऐंशीत आहे. मोठे घर विकून लहान, जिने नसलेल्या जागेत जायचे दिवस आहेत. मुलाकडे एक मूर्ती जाते, मुलीकडे अन्नपूर्णा, तसबिरी मंदिरात नेऊन ठेवल्या जातात. मंदिराच्या कोठीत अशा तसबिरींची थप्पी लागलेली असते. घर दाखवायच्या आधी एजंट घरात फिरतो आणि काय झाकायचे, काय हलवायचे ते सांगतो. कपाट रिकामे केल्यावर वरच्या फळीच्या पोटाला काजळीचा थाळीएवढा गोल दिसतो. नुसता पांढरा रंग दिला तर तो दोन दिवसांत वर उमटतो. आधी डाग दाबणारा प्रायमर मारावा लागतो आणि मग दोन हात.