डोन् आणि का

तोक्योच्या आकिहाबारा स्टेशनाबाहेर पाऊल टाकले की डोळ्यांच्या आधी कान दिपतात. दुसऱ्या महायुद्धानंतर इथे रेल्वेच्या कमानींखाली रेडिओच्या सुट्या भागांचा बाजार भरू लागला. म्हणजे आपल्या लॅमिंग्टन रोडचा हा थोरला भाऊच म्हणायचा. त्या बोळांतून आजही तारा, दिवे आणि नखाएवढे स्क्रू विकणारी चिमुकली दुकाने आहेत. पण हमरस्त्यावर राज्य आहे ते गेम सेंटरांचे. पाच-पाच, सहा-सहा मजल्यांच्या इमारती, आणि प्रत्येक मजल्यावर वेगळा गोंगाट. 2018 च्या वसंत ऋतूत मी तिथे गेलो, तेव्हा त्यांतल्या कित्येक इमारतींवर सेगा कंपनीचे नाव झळकत होते. ते नाव 2022 पासून खाली उतरले आहे. गोंगाट मात्र उतरला नसावा!

माझा वाटाड्या होता माझा भाचा, वय वर्षे अकरा. ताई आणि भावोजी तिकडे निशी-कासाईला राहतात. त्या भागात आपली माणसे इतकी आहेत, की भाजीच्या दुकानात कोथिंबिरीच्या भावावरून चाललेली मराठी घासाघीस ऐकून मी दचकलो होतो. निघताना ताईने मला बाजूला घेऊन बजावले होते, "त्याला शंभर-शंभरची नाणी देत बसू नकोस हं. त्या ढोलापायी वेडा झालाय नुसता."

तो ढोल तिसऱ्या मजल्यावर होता. 'ताइको नो तात्सुजिन', म्हणजे 'ढोलाचा उस्ताद'. नाम्को कंपनीने 2001 साली हे यंत्र बाजारात आणले. कमरेइतक्या उंचीवर शेजारीशेजारी दोन भलेमोठे ढोल, दोरीने बांधलेल्या जाड टिपऱ्या आणि समोर पडदा. शंभर येन टाकायचे (त्या वर्षीच्या भावाने साठेक रुपये) आणि गाणे निवडायचे. गाणे सुरू झाले, की पडद्यावर उजवीकडून डावीकडे गोल चेहरे धावत येतात. तांबडा चेहरा ठरलेल्या वर्तुळात पोचला की ढोलाच्या मधोमध ठोका, निळा पोचला की काठावर. तांबड्याचा बोल 'डोन्', निळ्याचा 'का'. अवघडपणाच्या चार पायऱ्या, आणि वरच्या पायरीचे नाव 'ओनी', म्हणजे राक्षस!

"मामा, ओनी लावू?" भाच्याने विचारले, आणि उत्तराची वाट न पाहता लावलेसुद्धा.

पुढची दोन मिनिटे मला पडद्यावरचे काही कळले नाही. मी त्या पोराच्या मनगटांकडे पाहत होतो. खांदे सैल, कोपर अंगाशी, आणि मनगटातून सुटणारा ठोका. शेजारच्या ढोलावर कोट काढून ठेवलेला एक मध्यमवयीन कारकून उभा होता. त्याने हातपिशवीतून फडक्यात गुंडाळलेल्या स्वतःच्या टिपऱ्या काढल्या, आपले तबलजी हातोडी काढतात ना, तितक्याच अदबीने. इथले पट्टीचे खेळाडू दुकानाच्या टिपऱ्यांना हात लावीत नाहीत म्हणे.

आता या जातीच्या खेळांचा थोडा इतिहास. 1997 साली कोनामी कंपनीचा 'बीटमेनिया' आला, पुढच्या वर्षी पायांनी नाचून खेळायचे यंत्र आले, मग खोटी गिटार आली. अमेरिकेत 2005 साली 'गिटार हीरो' निघाला आणि घराघरांतली मुले पाच रंगीत बटणांची प्लॅस्टिकची गिटार गळ्यात अडकवून उड्या मारू लागली. ती लाट पाचसहा वर्षांत ओसरली. पण 2011 मध्ये 'रॉकस्मिथ' नावाचा खेळ निघाला, त्यात मात्र खरीखुरी गिटारच तारेने यंत्राला जोडावी लागते.

जाणत्या वादकांचा या प्रकारावर राग आहे, आणि तो मला पटतो. तबल्याचा विद्यार्थी वर्षभर 'धा' घासतो, तो एक नाद हाताखालून निघावा म्हणून. इथे नाद यंत्र काढते! हात हलका पडो की जड, आवाज तोच. शिवाय यंत्र कुणासाठी थांबत नाही. गवयाने जरा श्वास घेतला, की त्याच्याबरोबर थबकणे हे साथीचे अर्धे मर्म. ते या पडद्याला कोण शिकवणार?

तरी एक गोष्ट मला त्या गोंगाटातही जाणवली. भाच्याचे दुसरे गाणे होते खाचातुरियान या आर्मेनियन संगीतकाराचे 'तलवारनृत्य'. एरवी अकरा वर्षांचे कुठले पोर हे आपणहून ऐकेल? या पठ्ठ्याने ते चाळीस-पन्नास वेळा ऐकले होते, आणि नुसते ऐकले नव्हते, हाडांत मुरवले होते. "आता बघ मामा, इथं सगळं एकदम गप्प होतं," असे तो आधीच सांगे, आणि व्हायचेही तसेच. गाण्याच्या पोटात घरासारख्या खोल्या असतात, कुठून कुठे जायचे याच्या वाटा असतात, हे त्याला कुणी सांगितले नव्हते.

तिथून कांदा नदीच्या कडेने चालत पंधरा मिनिटांत ओचानोमिझु येते. हिजिरी पुलावरून खाली पाहिले, की नदी आणि आगगाड्या एकमेकींना ओलांडताना दिसतात. स्टेशनापासून उतरणाऱ्या रस्त्यावर मेइजी विद्यापीठ आहे, आणि दोन्ही बाजूंना गिटारींची दुकाने. एक संपले की दुसरे. भिंती छतापर्यंत गिटारींनी भरलेल्या. विक्रेता गिटार काढून, सूर लावून हाती देतो आणि स्टुलावर बसवतो. शाळेच्या गणवेशातला एक मुलगा तिथे बसला होता. डाव्या हाताची बोटे भराभर धावत होती, पण तारा काही बोलत नव्हत्या. विक्रेत्याने वाकून त्याचे एक बोट पट्टीजवळ सरकवले, आणि तार खणखणीत वाजली. तो मुलगा खोटी गिटार खेळून तिथे आला होता की काय कोण जाणे. त्याच्या तोंडावर उमटलेला आनंद मात्र पडद्यावरच्या गुणांचा नव्हता.

जिन्यावर भाचा मला हळूच म्हणाला, "आपल्या घरी हे चालणार नाही."

इथे खरी गोम आहे. तोक्योतल्या कित्येक भाड्याच्या घरांच्या करारातच वाद्य वाजवायला मनाई असते. ताईने दादरहून मोठ्या हौसेने तबला-डग्गा नेला होता. पोराचा तीनताल बसत होता, कायद्याला सुरुवात झाली होती. महिन्याभरात घरमालकाकडून अतिशय नम्र चिठ्ठी आली. तेव्हापासून जोडी कपाटावर गवसणीत, आणि मुलगा गेम सेंटरात. ताईला वाटते, खेळाने तबला खाल्ला. मला वाटते, त्या कोटीच्या शहरात एका मुलाला जीव ओतून ठोका मारायला मोकळी जागा उरली होती ती एवढीच.

दुसऱ्या दिवशी मी त्याला आसाकुसाला नेले. 1927 साली धावू लागलेल्या गिंझा लाइनने तावारामाचीला उतरायचे. तिथे मियामोतो उनोसुके यांची पेढी आहे, 1861 सालापासूनची. देवळांचे ढोल आणि पालख्या करणारे हे घराणे. वरच्या मजल्यावर त्यांनी जगभरच्या ढोलांचे संग्रहालय मांडले होते, आणि त्यातल्या पुष्कळ ढोलांवर चक्क वाजवायची परवानगी होती!

केयाकी नावाच्या झाडाचा अखंड बुंधा कोरून केलेला एक जपानी ताइको तिथे होता. दोन्ही तोंडांना गाईचे कातडे, मोठ्या खिळ्यांनी ठोकलेले. भाच्याने सवयीने मनगटातून ठोका मारला. आवाज आला, पण पोटातला नाही. त्याने माझ्याकडे पाहिले. पुन्हा मारला, या वेळी खांद्यातून. आणि तो नाद जमिनीतून माझ्या तळपायांना लागला. आमच्या पुण्यातल्या पथकाचा ढोल छातीत घुसतो, हा पायांतून चढतो.

"मामा, हा थरथरतोय अजून," तो कातड्यावर तळवा ठेवून म्हणाला. "तो खेळातला थरथरत नाही."

तिथून हलायला तो तयार होईना. मी त्याला दाइहाची ओगुची यांची गोष्ट सांगितली. हा जॅझचा ड्रमवाला. देवळातल्या ढोलाची जुनी लिपी हाती आली, ती त्याने उलगडली आणि 1951 साली लहानमोठे ढोल एकत्र मांडून वाजवायला घेतले. आज आपण जपानी ढोलांचे जे ताफे पाहतो, ते या माणसाचे देणे. म्हणजे परंपरा म्हणून ज्याला नमस्कार करायचा, तो थाट वयाने माझ्या थोरल्या काकांएवढाच! भाचा ऐकत होता की नाही देव जाणे. तो काठावर टिपरू हळूहळू आपटीत होता. का. का. का.

"मामा, हा 'का' म्हणजे आपला 'ना' ना? तोपण काठावरच वाजतो, चाटेवर."

"आणि 'डोन्'?"

त्याने बराच विचार केला. "'डोन्' एका हाताचा आहे. आपल्या 'धा'ला दोन लागतात."

जपानी ढोलाचे विद्यार्थीही आधी बोल तोंडाने म्हणतात, मग हाताने वाजवतात. 'डोन्' आणि 'का' हे त्या खेळाने शोधलेले नाहीत, जुन्या तालमींतून उचलले आहेत. हे मी त्याला गाडीत सांगितले. तो खिडकीशी बसून बोटांनी मांडीवर काहीतरी मोजत होता.

रविवारी दुपारी कपाटावरची गवसणी खाली आली. शाईवर धूळ नव्हती, पण गजरे उतरले होते. हातोडीने सूर चढवायला मलाच बसावे लागले. ताईने एक अक्षर न बोलता खिडक्या लावल्या, डग्ग्याखाली सतरंजीची चौपदरी घडी सरकवली, आणि घड्याळाकडे पाहून म्हणाली, "अर्धा तास. आणि हळू."

पहिला 'धा' फुटका निघाला.

"पुन्हा," ती म्हणाली.