महामार्गावरून खाली उतरताना

मागल्या गळीत हंगामात जालन्याचे काम आटोपून आम्ही समृद्धी महामार्गाने शिर्डीकडे निघालो. जीप आमचे चालकमामा चालवीत होते. नागपूर-मुंबई हा रस्ता ७०१ किलोमीटरचा. नागपूर ते शिर्डी हा पहिला टप्पा डिसेंबर २०२२ मध्ये खुला झाला, शेवटचा जून २०२५ मध्ये. येथे ट्रॅक्टर नाही, बैलगाडी नाही, दुचाकी नाही. वळणे इतकी लांबट की कळतही नाहीत. काटा शंभरावर असूनही गाडी जागच्या जागी उभी आहे असे वाटे. मामांचा पाय हळूहळू जड होई आणि मी टोकी.

मामा काही बेफिकीर गृहस्थ नव्हेत. कसारा घाटात ज्या गियरात चढतात त्याच गियरात उतरतात. डिझेल वाचवायला गाडी न्यूट्रल करणाऱ्यांना शिव्या घालतात. काळ्या रानातल्या गाडीवाटेने तर बैलाच्या चालीने जातात. म्हणजे रस्ता भिववतो तेथे माणूस आपणहून सावध होतो. आमची फसगत झाली ती चांगल्या रस्त्याने.

शिर्डीच्या नाक्यावरून खाली उतरलो तेव्हा दिवेलागण झाली होती.

"मामा, आता सावकाश."

"चाळीसच्या वर नाही, साहेब."

मी काटा पाहिला. ६५! दीड तास भरधाव आल्यावर डोळ्याला वेग वाटेनासा होतो. ताशी ६० ने जाताना पाय ब्रेकवर पडायला एक सेकंद लागला, तरी तेवढ्यात गाडी १६-१७ मीटर पुढे गेलेली असते. शिवाय वेग दुप्पट झाला की ब्रेक लावल्यावर थांबायला चौपट अंतर लागते.

मी हे बोलतो न बोलतो तोच समोर काळोखाचा ढीग दिसला. उसाची डबल ट्रॉली! मामांनी करकचून ब्रेक दाबला. जीप थांबली तेव्हा उसाचे वाढे बॉनेटला टेकले होते.

ट्रॅक्टरवाला पोरगा धावत आला. "साहेब, मागे लाल पट्टी आहे हो!" पट्टी होती खरी, लोंबत्या वाढ्यांखाली झाकून गेली होती. त्याने कोयत्याने वाढे छाटले, मामांनी फडक्याने पट्टीवरची धूळ पुसली. जीपच्या उजेडात ती लखकन चमकली.

पुढे शिर्डीपर्यंत मामा डोळ्यांवर भरवसा न ठेवता काट्याकडे पाहत चालले होते.