एक मीटर, एक चूल

२०२४ सालच्या वैशाखांतील गोष्ट. रात्रीचे साडेआठ वाजले असतील. जेवणें आटोपून मी परसाकडे निघालों होतों, तों अक्काच्या खोलींत अंधार दिसला. अक्का म्हणजे माझी थोरली बहीण. वयाला अठ्ठ्याहत्तर वर्षें झालेलीं. यजमान निवर्तल्यापासून, म्हणजे सुमारें वीस वर्षें, ती आमच्याच घरीं आहे. निजली असेल असें समजून मी पुढें जाणार, इतक्यांत आंतून विष्णुसहस्रनामाचे अस्पष्ट शब्द ऐकूं आले. दार लोटून पाहतों तों दिवा बंद, पंखा बंद, आणि घामानें भिजलेली अक्का हातांत विंझणा घेऊन भिंतीशीं टेकून बसलेली.

"अक्का, वीज गेली कीं काय?" मीं विचारलें.

"गेली नाहीं रे. मला सारें पाठ आहे. उजेड कशाला हवा? तेवढेंच तुमचें युनिट वांचेल."

तिच्या तोंडीं तो 'युनिट' शब्द ऐकून मी जागच्या जागीं थबकलों. तो तिनें कोठून उचलला हें विचारण्याची जरुरी नव्हती. दोनच दिवसांपूर्वीं ओसरीवर विजेच्या बिलावरून जो वाद झाला, त्यांतला प्रत्येक शब्द आंतल्या खोलीपर्यंत पोंचला होता.

आमचें कुटुंब दहा माणसांचें. मी, माझी पत्नी, अक्का, दोन मुलगे, दोन सुना आणि तीन नातवंडें. चूल एक, देवघर एक, आणि विजेचें मीटरहि एक. वडिलांच्या वेळेपासून आजवर तें दोनदां बदललें, परंतु संख्येनें एकच राहिलें. त्या महिन्यांत आमच्या घरीं ४२० युनिटें जळलीं. दर माणशीं पाहिलें तर बेचाळीस. उन्हाळ्याच्या दिवसांत हें कांहीं उधळपट्टीचें प्रमाण म्हणतां येणार नाहीं. बिल मात्र आलें तें उधळ्या माणसास यावें तसें.

धाकटा मुलगा हिशेबांत तरबेज. त्यानें दरपत्रक पुढें घेऊन कागदावर आंकडे मांडले. २०२४–२५ सालीं घरगुती ग्राहकास पहिल्या १०० युनिटांचा दर ४ रुपये ७१ पैसे होता. १०१ पासून ३०० पर्यंत १० रुपये २९ पैसे. ३०१ पासून ५०० पर्यंत १४ रुपये ५५ पैसे. आणि त्यापुढें १६ रुपये ६४ पैसे. या दरांनीं ४२० युनिटांचा नुसता वीज आकारच ४,२७५ रुपये होतो. तींच युनिटें तीन मीटरांवर सारखीं वांटलीं, तर प्रत्येक मीटराचे ८८२ रुपये ६० पैसे, आणि तिहींचे मिळून २,६४७ रुपये ८० पैसे. घर तेंच, माणसें तींच, दिवे तेच. आणि फरक मात्र १,६२७ रुपयांचा! दोन जादा मीटरांचा स्थिर आकार वजा केला तरी अशा महिन्यांत हजारावर रुपये शिल्लक राहतात.

"नाना, आपण आणखी दोन मीटरें घेऊं," धाकटा म्हणाला. "फक्त तुम्हीं एक कागद लिहून द्यावयाचा, कीं आम्ही तिघे विभक्त आहोंत."

थोरल्यानें तोंपर्यंत कचेरींत जाऊन चौकशीहि केली होती. तेथील कारकुनानें सांगितलें, कीं एकाच घरांत दुसरें मीटर हवें असेल तर संसार खरोखर वेगळा आहे असें दाखवावें लागेल. निराळें रेशनकार्ड पाहिजे, निराळा स्वयंपाक पाहिजे. कारकुनाचें यांत कांहीं चुकलें असें मला वाटत नाहीं. त्यानें नियम सांगितला. पेंच होता तो माझ्यापुढें. जन्मभर मुलांना सत्याचे पाठ दिले, आणि आतां हजार रुपयांसाठीं खोट्या विभक्तपणाखालीं सही करावयाची! थोरली सूनबाई हळूच म्हणाली, "मामंजी, कागदावर वेगळ्या झालेल्या चुली पुढें खरोखरच वेगळ्या व्हायला वेळ लागत नाहीं." तिचें माहेर याच रीतीनें तीन ठिकाणीं झालें आहे, ती बोलली तें अनुभवानें बोलली. त्यावर धाकट्यानें, "मग कोणी किती वीज जाळली याचा हिशेब तरी ठेवा," असें रागानें म्हटलें. अक्कानें ऐकलें तें हेंच.

त्या रात्रीं मला झोंप आली नाहीं. उठून मीं मास्तरी संवयीनें एक गणित केलें. अक्काच्या खोलींतला दिवा ९ वॅटचा. हजार वॅटचें उपकरण तासभर चाललें म्हणजे एक युनिट होतें. तेव्हां तो दिवा एकशेंअकरा तास जळेल तेव्हां कोठें एक युनिट भरेल. अक्का तासभर अंधारांत बसली, तर सर्वांत चढ्या लागूं पडणाऱ्या दरानेंहि घराचे तेरा पैसे वांचले. पंखा धरला तर सव्वा रुपया. एवढ्यासाठीं या घरांतील सर्वांत वडील माणूस वैशाखांत अंधार धरून बसलें होतें, आणि आम्हीं कर्त्या माणसांनीं तिला तसें बसावयास लाविलें होतें.

सकाळीं मीं आयुष्यांत प्रथमच बिलाचा कागद दोन्ही बाजूंनीं वाचून काढला. आपण सारे सुशिक्षित म्हणवितों, परंतु बिलाच्या तळाची रक्कम आणि भरण्याची शेवटची तारीख यांपलीकडे आपली नजर जात नाहीं. स्थिर आकार, वीज आकार, तारांवरून वीज आणून देण्याचा वहन आकार, कोळशाच्या किंमतीबरोबर वरखालीं होणारा इंधन समायोजन आकार, आणि या साऱ्यांवर राज्य सरकारचें शेंकडा १६ टक्के वीज शुल्क, अशीं त्याचीं अंगें आहेत. पैकीं एकहि अंग आपल्या गल्लींतल्या वायरमनच्या हातीं नाहीं. मग तें कोणाच्या हातीं आहे?

विद्युत् हा शब्द प्रकाशणें या अर्थाच्या द्युत् धातूपासून झाला आहे. परंतु तिचा कारभार पाहिला तर तो फारसा उजेडांत चाललेला आढळत नाहीं. आपल्या प्रांतांत मोठ्या प्रमाणावर वीज आली ती टाटांच्या खोपोली येथील जलविद्युत् केंद्रापासून, १९१५ सालीं. आणि ती गेली प्रामुख्यानें मुंबईच्या कापडगिरण्यांकडे. पुढें मुळशीस धरण बांधावयाचें ठरलें, तेव्हां ज्यांच्या जमिनी पाण्याखालीं जावयाच्या त्या मावळकऱ्यांनीं १९२१ सालीं सत्याग्रह केला. सेनापति बापट त्यांत अग्रभागीं होते. धरण झालेंच, आणि १९२७ पासून भिऱ्याची वीज मुंबईस जाऊं लागली. ज्यांनीं शेतें दिलीं त्यांच्या घरांत त्या विजेचा दिवा लागला नाहीं.

स्वराज्यानंतर कारभार सरकारी झाला. १९६० सालीं महाराष्ट्र राज्य वीज मंडळ स्थापन झालें, आणि आमच्या सातारा जिल्ह्यांतील कोयनेचें पाणी डोंगर पोखरून पश्चिमेकडे पोफळीस नेऊन त्यावर वीज निघूं लागली. त्याहि जलाशयाखालीं गांवें गेलीं. पण निदान ती वीज खेड्यापाड्यांतून फिरली, हें खरें. पुढें १९९३ सालीं एन्रॉन या अमेरिकन कंपनीच्या दाभोळ प्रकल्पाशीं मंडळाचा करार झाला. १९९५ सालीं नव्या सरकारनें तो मोडला, १९९६ सालीं पुन्हां सांधला. १९९९ सालीं वीज सुरू झाली आणि २००१ सालीं भाव न झेंपल्यामुळें मंडळानें ती घेणें थांबविलें. वीज घेवो अगर न घेवो, केंद्र उभें राहिल्याबद्दल ठराविक रक्कम मोजलीच पाहिजे, ही त्या करारांतील मेख होती. दाभोळ गाजून गेलें, पण दीर्घ मुदतीच्या वीजखरेदींत अशी स्थिर रक्कम देण्याची रीत आजहि रूढ आहे. तिचा वांटा सरतेशेवटीं आपल्याच बिलांत उतरतो.

२००३ सालीं नवा वीज कायदा झाला. २००५ सालीं मंडळाची विभागणी होऊन वीज निर्माण करणारी, वाहून नेणारी आणि घरोघर पोंचविणारी अशा निराळ्या कंपन्या झाल्या. दर ठरविण्याचा अधिकार मात्र यांपैकीं कोणाचाहि नाहीं. तो राज्य वीज नियामक आयोगाचा. या आयोगावर अध्यक्ष धरून तिघांहून अधिक सभासद असूं शकत नाहींत. कोट्यवधि घरांच्या दिव्यांचा भाव ठरवितात तीं हीं मोजकीं माणसें. परंतु त्याच कायद्याच्या ६४ व्या कलमांत एक गोष्ट आहे, जी मला साठी उलटून गेल्यावर कळली. दरांचा अर्ज प्रसिद्ध केला पाहिजे, लोकांच्या सूचना व हरकती ध्यानांत घेतल्या पाहिजेत, आणि मगच आदेश निघाला पाहिजे. म्हणजे दरवाजा आहे. आपण तो लोटून पाहिला नाहीं, एवढेंच.

आतां चढत्या दरांची ही पायरी मुळांत अन्यायाची आहे काय? तसें मी म्हणणार नाहीं. जो थोडी वीज वापरतो तो बहुधा गरीब, त्यास ती स्वस्त मिळावी; जो अधिक वापरतो त्यानें अधिक द्यावें, हा विचार धर्माचाच आहे. रघुवंशाच्या आरंभीं कालिदासानें दिलीपाच्या करग्रहणास सूर्याची उपमा दिली आहे. सूर्य पाणी शोषतो तें सहस्रपट परत देण्याकरितां. वर्गांत तो श्लोक मीं अनेक वर्षें शिकविला. परंतु दिलीपास आपली प्रजा मोजतां येत होती. मीटरास माणसें मोजतां येत नाहींत. एकट्या गृहस्थाच्या थंडगार बंगलींतलीं ४२० युनिटें आणि दहा माणसांच्या वाड्यांतलीं ४२० युनिटें त्यास एकसारखींच दिसतात. म्हातारी आत्या, निराधार मावशी, शिक्षणासाठीं आलेला भाचा, यांना घरांत ठेवून घेणारें कुटुंब त्यामुळें वरच्या पायरीवर जाऊन बसतें. सरकारनें जो भार कधींच उचलला नाहीं तो हीं घरें उचलीत आलीं, आणि त्यांनाच चढा दर! आक्षेप घ्यावयाचा तो यावर.

तिसऱ्या दिवशीं रात्रीं मीं सर्वांना ओसरीवर बोलाविलें. अक्कालाहि आग्रहानें आणून बसविलें. तेरा पैशांचें गणित मीं वाचून दाखविलें. धाकटा बराच वेळ खालीं मान घालून बसला. मग उठून अक्काच्या पायांपाशीं गेला आणि म्हणाला, "आत्या, माझ्या मनांत तसें नव्हतें." ती म्हणाली, "मला ठाऊक आहे रे," आणि त्याच्या पाठीवरून हात फिरविला. विभक्तपणाचा कागद लिहिला गेला नाहीं.

परंतु नुसत्या गहिंवरानें बिल उतरत नाहीं. हें शिक्षकानें तरी विसरूं नये. म्हणून आम्हीं तीन गोष्टी ठरविल्या. पहिली, बिलाची वांटणी मिळवत्या माणसांत मिळकतीच्या मानानें व्हावी. न मिळवणाऱ्याच्या युनिटांचा उल्लेखहि होऊं नये. दुसरी, जुने ७५ वॅटचे पंखे एकेक करून बदलावे; त्यांच्या जागीं आलेले नव्या तऱ्हेचे पंखे तीस-पस्तीस वॅटांत तेवढाच वारा देतात. यानें पुढल्या उन्हाळ्यांत आम्हीं तीनशेंच्या वरचीं युनिटें पुष्कळ कमी केलीं. तिसरी, छपरावर सौरपत्रे बसविण्याची चौकशी करावी. २०२४ सालींच सुरू झालेल्या केंद्र सरकारच्या योजनेंत त्यासाठीं ७८,००० रुपयांपर्यंत साहाय्य ठेविलें आहे. शेजारच्या इमारतीची सावली आमच्या कौलांवर पडते, त्यामुळें हें काम अजून अडलें आहे. पण एक छप्पर असण्याचा तेवढा तरी लाभ एकत्र कुटुंबास मिळावा असें मुलांना वाटतें.

पुढें दरांच्या अर्जावर हरकती मागविल्या गेल्या तेव्हां मींहि एक पत्र धाडलें. पायरी ठरवितांना रेशनकार्डावरील माणसांची संख्या पाहावी, एवढीच त्यांत विनंती होती. तिच्यांत अडचणी नाहींत असें नाहीं. खोटीं नांवें घुसडलीं जातील, तपास करणें कठीण जाईल, हें मलाहि दिसतें. माझ्या एका पत्रानें नियम बदलला नाहीं. परंतु असा विचार करणारीं घरें आमच्या एका गल्लींतच पांच-सहा निघालीं, आणि पुढल्या खेपेस पत्रें तेवढीं जातील. वाचकांपैकीं ज्यांच्या घरीं एका मीटराखालीं दहा पानें वाढलीं जातात, त्यांनीं बिलाची मागची बाजू एकदां वाचावी आणि आपलें म्हणणें दोन ओळींत तरी कळवावें. विजेची कळ दूर कोणाच्या हातीं आहे हें खरें. पण ती तशीच राहिली यांत आपल्या मौनाचाहि वांटा आहे.

अक्काच्या खोलींत आतां रोज साडेआठला दिवा असतो. संवयीनें ती अजून मधून मधून तो मालवावयास उठते. तेव्हां धाकट्याची सात वर्षांची मुलगी पुस्तक घेऊन तिच्याजवळ जाऊन बसते आणि म्हणते, "आजी, मला वाचायचें आहे, राहूं दे." वाचायचें असतेंच असें नाहीं. तिला तें कोणीं शिकविलें हें मीं विचारलेलें नाहीं.