आमच्या बोळाचे मालक

पेण येथें आमचें घर ज्या बोळांत आहे, तो बोळ कागदोपत्रीं एका जुन्या घराण्याचा आहे. त्या घराण्याचे वारस मुंबईस असतात, आणि आपल्या नांवावर एक रस्ता आहे याची आठवण त्यांस आम्हीं खड्ड्यांविषयीं पत्र पाठविलें म्हणजेच होई. रस्ता खासगी, तेव्हां त्यावर सरकारी पैसा पडावयाचा नाहीं. मालकांनीं उत्तर द्यावयाचें नाहीं. आणि आम्हीं सात घरांनीं उभयतांस नांवें ठेवावयाचीं, असा क्रम पुष्कळ वर्षें सुखानें चालला होता.

दोन वर्षांपूर्वीं श्रावणांतल्या एका रात्रीं टोकाच्या घरच्या काकू न्हाणीघरांत पडल्या. रुग्णवाहिका बोळाच्या तोंडाशीं थांबली. चाकें रुततील म्हणून चालक आंत येईना, व त्याचें म्हणणें खोटें नव्हतें. काकूंस खुर्चीवर बसवून, गुडघाभर गढूळ पाण्यांतून, मोबाईलच्या उजेडांत आम्हीं चौघांनीं बाहेर आणलें. वाटेंत एका खड्ड्यांत आमचा पाय गेला, खुर्ची कलली, आणि खुब्याचें हाड मोडलेल्या काकू ओरडल्या. त्याच खड्ड्याविषयीं आम्हीं तीन पत्रें लिहिलीं होतीं.

पुढल्या रविवारीं रोह्याहून आमचे वकील मेहुणे आले. वहिवाटीच्या हक्कांविषयीं १८८२ चा जो कायदा आहे, त्याप्रमाणें दुसऱ्याच्या जमिनीवरून ज्याची वाट जाते, त्यानेंच त्या वाटेच्या डागडुजीचा खर्च सोसावयाचा, असें त्यांनीं चहा घेतां घेतां सांगितलें. आम्हीं कप खालीं ठेविला. इतकीं वर्षें ज्यांस दूषणें दिलीं ते निर्दोष, आणि दोषी घरीं बसून चहा पीत होते!

मग सभा झाली. तोंडाजवळच्या घरचे दादा म्हणाले, "आम्ही दहा पावलें चालतों, टोकाचे दीडशें. वर्गणी पावलांवर बसवा." हिशेब बिनतोड होता, मात्र त्यानें सर्वांत मोठा आंकडा काकूंच्या पेन्शनीवर पडत होता. मेहुण्यांनीं खारेपाटांतल्या जोळीची गोष्ट काढली. खाडीकांठचे शेतकरी समुद्राचे बांध पूर्वीं सामुदायिक श्रमानें राखीत, ती ही जोळ. १९४८ सालीं मुंबई सरकारनें खारजमिनींचा कायदा केला व पुढें हें काम बरेंचसें सरकारकडे गेलें. खांड कोणाच्याही बांधास पडो, खारें पाणी सगळ्यांच्या भातांत शिरतें. दादांस हें पटलें नाहीं. ते उठून घरीं गेले. दहाच पावलें असल्यानें लवकर पोंचले. वर्गणी सारखी ठरली. काकूंस सूट द्यावी असें निघालें, तेव्हां त्यांचा निरोप आला, "सूट नको, हप्ते करून द्या."

संस्था नोंदवावयाची तर १८६० च्या कायद्याप्रमाणें निदान सात माणसें हवींत. घरागणिक एक सही असावी हा आमचाच हट्ट. दादा गेल्यावर उरले सहा. सातवे म्हणून बोळामागच्या गणपतीच्या कारखान्याचे मालक पुढें झाले. पेणच्या मूर्ती परदेशींही जातात, हें आम्ही पाहुण्यांस अभिमानानें सांगतों. पण त्याच मूर्तींच्या हातगाड्या येऊं नयेत म्हणून बोळाच्या तोंडाशीं ‘खासगी रस्ता’ अशी पाटी आमच्याच घरानें लाविली होती. मेहुणे म्हणाले, "१९५० च्या विश्वस्त कायद्याखालीं धर्मादाय म्हणून नोंद हवी, तर हेतु सार्वजनिक उपयोगाचा पाहिजे. स्वतःचें अंगण झाडणें हा धर्मादाय नव्हे."

पाटी काढण्यास आमच्या वडील बंधूंचा विरोध होता. ती आमच्या तीर्थरूपांनीं स्वहस्तें रंगविलेली. अखेर त्यांनींच ती उतरवून माळ्यावर ठेविली. वारसांचें संमतिपत्र आलें, अर्जही गेला. यंदा पावसापूर्वीं मुरूम व खडी पडली. दादांच्या दारापुढचीं दहा पावलें भरावयाचीं कीं नाहीं, याचा निकाल सभेंत लागला नव्हता. काकूंनीं काठी टेकीत येऊन मजुरांकडून तींच आधीं भरून घेतलीं. दादा तेव्हां खिडकींत उभे होते.