हिरवी ओळ

दिवाळीत आरमोरीला गेलो. अंगणात धानाचे भारे पडलेले, आणि ओसरीवर भाची माझ्या जुन्या लॅपटॉपवर चिपचं डिझाइन तपासायचं माझंच एक असर्शन चालवत बसलेली. रिक्वेस्ट आली की चार क्लॉकच्या आत अ‍ॅक आलाच पाहिजे, एवढंच ते. फॉर्मल टूलांची पारख करताना मी वर्षानुवर्षं तेच वापरलं; जे सगळ्यांत लवकर पास म्हणेल त्याचा नंबर पहिला.

"मामा, हे खरंच पाहून राहिलं का?" तिने अ‍ॅकची वायर तोडली, शून्याला बांधली, पुन्हा रन केलं. तरीही हिरवी ओळ.

रिसेट लो असताना लागणारा, आणि सूट देणारी अट मी उलटी लिहिलेली. रिसेट सुटला की तपासणी बंद. चालू ती फक्त रिसेटमध्ये, जिथे रिक्वेस्ट उठतच नाही. त्या सेकंदांचा तक्ता मी किती मीटिंगांत मिरवला! तो समोर लावताना छाती फुगायची, हे लिहितानाही हात जड होतो.

वेगाचं वेड आता सगळीकडेच आहे. सिम्युलेटरांतही तेच: व्हेरिलेटर झपाट्याने धावतं, पण बहुतेक ठिकाणी शून्य आणि एक एवढंच जाणतं. आयकारस सावकाश, पण 'एक्स', म्हणजे अज्ञात मूल्य, जपतं. रिसेट न झालेलं रजिस्टर तिथे डोळ्यांत भरतं. वेगासाठी काय सोडलं, हे कुणी विचारत नाही.

त्या दिवाळीपासून टूल हाती आलं की मी आधी डिझाइनमध्ये चुका पेरतो. आणि तिथेच अडतो. पेरणार त्या मला सुचलेल्या चुका. 1994 साली पेंटियम प्रोसेसरच्या भागाकारात सापडलेला दोष म्हणजे त्याच्या आतल्या तक्त्यातल्या 1066 पैकी 5 रकाने रिकामे राहिलेले. 4195835 ला 3145727 ने भागलं की उत्तर चौथ्या दशांशापासून चुकायचं. कंपनीला 47.5 कोटी डॉलरचा फटका बसला. असा रकाना पुसून पाहायचं मला सुचलं असतं? रात्र रात्र हाच प्रश्न.

परवा भाचीने तिची यादी पाठवली, तेवीस चुकांची. नववी वाचून मी थांबलो: रिक्वेस्ट आणि रिसेट एकाच क्लॉकला सुटले तर? ती मी कधीच पेरली नव्हती.