उष्ट्या उजेडावर जगणारे

बॅक्टेरिया उन्हावर जगतात, हे मला या वयात कळावं! झाडं जगतात, शेवाळ जगतं, हे शाळेत घोकलं होतं. पण मेहरूण तलावाच्या काठचा तो काळा, वास मारणारा चिखल, ज्यातून चप्पल वाचवत आपण बोरं घेऊन परततो, त्यातही उजेड पकडून पोट भरणारे जांभळे जीव असतात, हे कुणी म्हणजे कुणी सांगितलं नव्हतं. सध्या जो भेटेल त्याला मी हेच ऐकवतोय. घरचे केव्हाच उठून गेलेत.

त्यांना घरबसल्या बघायची युक्ती विनोग्राड्स्की नावाच्या रशियन शास्त्रज्ञाची, १८८०च्या दशकातली. लोणच्याची रिकामी काचेची बरणी घ्यायची. तळाशी तलावाचा चिखल, त्यात वर्तमानपत्राचे कपटे, उकडलेल्या अंड्याचा बलक, चिमूटभर प्लास्टर ऑफ पॅरिस. वरून तलावाचंच पाणी. बरणी खिडकीत ठेवायची, मात्र जळगावच्या थेट उन्हात नाही, नाहीतर आतले जीव शिजतील. मग वाट बघायची. आधी चिखल आणखी काळा होतो आणि झाकण उघडलं की सडक्या अंड्यांचा असा भपका येतो की बरणीची रवानगी गच्चीच्या जिन्यात होते. आणि मग एके सकाळी काचेला आतून वाटाण्याएवढा डाग. जांभळट लाल! मी भिंग घेऊन उकिडवा बसलो ते चहा गार होईपर्यंत.

आत काय चाललेलं असतं? कागद कुजताना तळचा ऑक्सिजन संपतो. मग काही बॅक्टेरिया प्लास्टरमधल्या सल्फेटवर श्वास घेतात आणि हायड्रोजन सल्फाइड सोडतात, तोच तो वास. चिखलातल्या लोहाशी त्याचा संयोग झाला की काळा रंग. झाडं उजेडाच्या जोरावर पाणी फोडतात. हे जांभळे त्याच जोरावर हा घाणेरडा वायू फोडतात. त्यामुळे ते ऑक्सिजन सोडत नाहीत, उलट गंधकाचे कण आपल्याच पेशीत साठवतात. आणि कुठला उजेड वापरतात? तांबड्याच्या पलीकडचा, आपल्या डोळ्यांना न दिसणारासुद्धा! वरच्या हिरव्या थराने हवा तो प्रकाश शोषून घेतला की उरलेला उष्टा उजेड हे खालचे उचलतात. १८८३ साली एंगेलमान या जर्मन शास्त्रज्ञाने सूक्ष्मदर्शकाखाली इंद्रधनुष्याचा पट्टा पाडला, तर जांभळे बॅक्टेरिया येऊन जमले ते पट्ट्याबाहेरच्या ‘अंधारात’. त्यांच्या लेखी तिथे लख्ख उजेड होता.

इथवर मी कसाबसा भानावर होतो. पण उघड्या, हवेशीर पाण्यातही असे जीव आहेत! १९७९ मध्ये त्सुनेओ शिबा आणि सहकाऱ्यांनी जपानच्या किनाऱ्यावर ते पहिल्यांदा नोंदवले. नंतर ते गोड्या पाण्याच्या तळ्यांतही सापडले. हे आपल्यासारखेच खाऊन जगतात, ऑक्सिजनही घेतात, वर उजेडातूनही ऊर्जा मिळवतात. वीजमंडळाचं मीटर असूनही गच्चीवर सोलर बसवलेल्या घरासारखे. आणि गंमत म्हणजे उजेड पकडायचं रंगद्रव्य ते रात्री बनवतात, कारण उजेडात ते काम थंडावतं. युरोपातल्या तळ्यांत त्यांची संख्या बहुधा वसंतात उसळते. शैवाल फोफावतं, त्यातून पाझरणाऱ्या साखरेवर यांची चंगळ होते.

आपल्याकडे कुठला तसला वसंत! खानदेशातल्या तलावाचं वर्ष पावसाने वळतं. श्रावणात पाणी गढूळ, गाळामुळे उजेड फारसा खाली उतरत नाही. उन्हावर जगणाऱ्यांचे उपास, वाहून आलेला पालापाचोळा कुजवणाऱ्यांची मजा. दिवाळीनंतर गाळ बसतो, पाणी निवळतं, उजेड खोलवर जातो. मेमध्ये पारा ४५च्या आसपास पोचला की वरचं पाणी तापून हलकं होतं, खालच्याशी मिसळेनासं होतं. मग पेशीतल्या हवेच्या पोकळ्यांवर मायक्रोसिस्टिस नावाचा जीव तरंगत वर येतो आणि काठाला हिरवा थर धरतो. शेवाळ म्हणून आपण मोकळे होतो, पण तेही बॅक्टेरियाच! (त्या पाण्यात हात घालू नका, गुरांनाही पाजू नका, त्यात विष असू शकतं.)

आणि शेजारच्या बुलढाण्यातलं लोणार सरोवर? २०२०च्या जूनमध्ये ते गुलाबी झालं, तेव्हा मी फोटो फॉरवर्ड करून विसरलो होतो. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने शोधलं तर तो रंग मीठप्रेमी हॅलोआर्कियांचा. उन्हाळ्यात पाणी आटलं, क्षार वाढले, यांचं फावलं. पाऊस आला, रंग गेला. खरं तर हे बॅक्टेरियाही नव्हेत, वेगळंच घराणं. पण या घराण्यातले काही जण उजेड पकडतात तो रेटिनल नावाच्या रेणूने, आणि हे वाक्य वाचताना तुमच्या डोळ्यांत उजेड पकडतोय तोही रेटिनलच! तसलीच यंत्रणा गोड्या पाण्यातल्या ॲक्टिनोबॅक्टेरियांतही सापडली आहे. लोणारपर्यंत जायचीही गरज नाही.

पुढची बरणी धुळ्याची. नकाणे तलावाचा चिखल मामांकडून मागवलाय. “भाचा, हाई काय नवं खूळ शे?” असं म्हणाले खरे, पण मी त्यांना फोनवर अख्खा एंगेलमान ऐकवला. काल त्यांचाच फोन: “डबा झाकीसन धाडू का उघडा?” झाकून, मामा. आणि काठचा वाळका नको, तळचा काळा हवा.