पाठराखीण

बऱ्याच दिवसांनी इथे लिहितोय. विषय जरा घरगुती, जरा शास्त्रीय आहे. कंटाळा आला तर सांगा.

मालवणच्या आमच्या घरात एक तहान पिढ्यानपिढ्या चालत आलीय. आजोबांच्या उशाशी रात्री भरून ठेवलेली कळशी पहाटे रिकामी असायची. मग काकांची, चुलतभावाची तीच तऱ्हा, आणि आता त्याच्या पाच वर्षांच्या मुलाची. "ह्या पोराक कितीय पाणी दी, पुरणा नाय," काकू म्हणते. साखर तपासली तर अगदी नॉर्मल! शेवटी जनुकाच्या तपासणीत दोष सापडला.

गंमत बघा. लघवीतून पाणी वाया जाऊ न देणारं व्हॅसोप्रेसिन हे हार्मोन हायपोथॅलॅमसमध्ये बनतं आणि चेतापेशीच्या लांब तंतूतून पिट्यूटरीच्या मागच्या भागात पोचतं. आहे केवढं? फक्त 9 अमिनो आम्लांचं. ते एकटं निघत नाही. 'न्यूरोफायसिन' नावाचं, त्याच्या दहापट मोठं प्रथिन सोबत असतं. दोघं एकाच साखळीत जन्मतात. वाटेत साखळी तुटते, पण पुडीतल्या आम्लधर्मी वातावरणात ती एकमेकांना घट्ट धरून राहतात. रक्तात उतरली की पकड सुटते. नवरीला सासरी पोचवून परतणारी पाठराखीणच म्हणा ना! फरक इतकाच, की ही परत फिरत नाही. बाळंतपणात आणि पान्हा फुटताना लागणाऱ्या ऑक्सिटोसिनलाही अशीच एक पाठराखीण असते.

आमच्या घरात हार्मोनचा आराखडा बिनचूक आहे, बिघडलीय ती पाठराखीण. तिची घडी नीट बसत नाही, साखळी पेशीतच अडकून साचते आणि पेशी हळूहळू निकामी होतात. म्हणून मूल जन्मतः ठीक असतं, तहान नंतर लागते. दोन प्रतींपैकी एक बिघडली तरी पुरे, म्हणजे प्रत्येक अपत्याला निम्मी शक्यता. बाबांना ती आली नाही, म्हणून मलाही नाही.

या आजाराला डायबेटिस इन्सिपिडस म्हणायचे. मधुमेहाशी गल्लत व्हायची म्हणून 2022 मध्ये 'व्हॅसोप्रेसिनची कमतरता' असं नाव सुचवलं गेलं. डेस्मोप्रेसिन हे औषध बाहेरूनच मिळतं, त्याला पाठराखीण लागतच नाही. पोरगं आता रात्रभर झोपतं.

नातेवाईकांनो, एक विनंती. "अंथरूण ओलं करतो" म्हणून अशा मुलाचं पाणी तोडू नका, मे महिन्यात तर मुळीच नाही. ते जिवावर बेतू शकतं. आधी डॉक्टर गाठा.